जनुक असतं, पण बोलतं किती?

कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडी माणसाला जनुकशास्त्रातली एक अवघड गोष्ट शिकवावी लागत नाही. त्याने ती शेतात भोगली आहे. बीटी कापूस 2002 साली आला. बोंडअळीला मारणारं विष बनवणारं जनुक त्या पऱ्हाटीच्या पानात, फुलात, बोंडात सगळीकडे सारखंच होतं. तरी हंगाम उतरायला लागला की अळी बोंडात दिसायची. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी मोजमाप करून 2005 साली ‘करंट सायन्स’मध्ये छापलं: विष पानात भरपूर, बोंडाच्या सालीत फार कमी, आणि पेरणीला 110 दिवस उलटले की उतरतच जातं. जनुक जागेवरच होतं. त्याचा आवाज बसला होता.

या आवाजाला शास्त्रज्ञ जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. पेशी जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपात काढते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनवते. नकला जास्त तर आवाज मोठा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात, म्हणजे आपल्याकडच्या बाया ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात त्यात, कोणती बाई बरी होईल आणि कोणाचा आजार उलटेल हे या आवाजावरून आधी सांगता येईल का, असा प्रश्न आहे.

तो पडतो कसा, ते मुंबईतल्या एका चाचणीवरून कळतं. टाटा मेमोरियल रुग्णालयात 2003 ते 2011 या काळात 850 बायका या चाचणीत सामील झाल्या. सगळ्यांचा आजार ‘तीन-बी’ टप्प्यातला, म्हणजे गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेली किंवा मूत्रपिंडाची वाट अडलेली. एका गटाला नुसते शेक, म्हणजे किरणोपचार, दुसऱ्याला शेकासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध. श्याम श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी 2018 साली निष्कर्ष मांडले. पाच वर्षांनी पहिल्या गटात शंभरातल्या 46 जणी हयात होत्या, दुसऱ्यात 54. हा आठाचा फरक लहान नाही. पण दुसऱ्या गटातल्या उरलेल्या 46 जणींचं काय? टप्पा तोच, यंत्रं तीच, औषध तेच. मग एकीला गुण आला आणि शेजारच्या खाटेवरचीला का नाही?

उत्तराचा एक धागा विषाणूपाशी जातो. जवळजवळ प्रत्येक वेळी हा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हॅराल्ड त्सुर हाऊझेन यांना या शोधासाठी 2008 चं नोबेल मिळालं. विषाणूचा डीएनए बांगडीसारखा वाटोळा असतो. त्यात ई6 आणि ई7 ही दोन जनुकं फार मस्तीची, खोंडासारखी. ई6 मुळे पेशीतलं पी53 हे राखणदार प्रथिन नष्ट होतं. ई7 मुळे पेशीला विभाजनापासून थोपवणारं आरबी हे प्रथिन निकामी होतं. या खोंडांच्या नाकात वेसण असते ती ई2 या तिसऱ्या जनुकाची. कधीकधी ही बांगडी फुटून आपल्या गुणसूत्रात घुसते, आणि फुटते ती बहुधा ई2 च्या जागीच. वेसण तुटली की ई6-ई7 चा आवाज चढत जातो. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी बाईच्या गाठीतून 1951 साली घेतलेल्या पेशी आजही प्रयोगशाळांत वाढतात. त्याच पेशींत ई2 परत घातलं, तेव्हा त्यांची वाढ थांबली.

नवी मुंबईत खारघरला टाटाचंच संशोधन केंद्र आहे. तिथे रीटा मुल्हेरकर यांच्या गटाने टाटातल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या. 2015 साली त्यांनी दाखवलं की ज्यांच्या गाठीत बांगडी अखंड राहिली होती, त्यांचा आजार उपचारानंतर उलटण्याचं प्रमाण कमी होतं.

दुसरा धागा प्राणवायूचा. शेकाने पेशीच्या डीएनएला जी इजा होते, ती प्राणवायू असला तर पक्की होते, नसला तर पेशी ती दुरुस्त करून घेते. गाठीच्या आत जिथे रक्त पोचत नाही तिथल्या पेशी मारायला अडीच-तीन पट मात्रा लागते. अशा गुदमरलेल्या पेशी ठरावीक जनुकांना मोठ्याने बोलायला लावतात. नॉर्वेत ऑस्लोच्या हायडी लिंग यांच्या गटाने या जनुकांची छोटी यादी करून कोणाचा आजार उलटेल याचा अंदाज बांधला. याखेरीज अमेरिकेतल्या कर्करोग जनुक-नकाशा प्रकल्पाने 2017 साली 228 गाठी वाचल्या. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठीही केराटिन या प्रथिनाच्या जनुकांच्या आवाजावरून दोन तऱ्हांच्या निघाल्या.

एवढं सगळं असूनही या आजारात आज कोणी जनुकांचा आवाज मोजून उपचार ठरवत नाही. स्तनाच्या कर्करोगात 21 जनुकांची चाचणी आहे आणि तिच्यावरून केमोथेरपी टाळता येते. इथे तसं नाही, कारण ‘हिचा आजार उलटेल’ हे कळलं तरी तिला वेगळं काय द्यायचं ते ठरलेलं नाही. वाटच नसलेली भविष्यवाणी बाईच्या हातात देणं मला निर्दयपणाचं वाटतं. पंचांग बघून पाऊस पडत नाही.

प्राणवायूचा धागा मात्र थेट आपल्या गावात येतो. रक्त कमी असलं की गाठीपर्यंत प्राणवायूही कमी पोचतो. वऱ्हाडातल्या किती बायकांच्या अंगात पुरेसं रक्त असतं, हे कोणत्याही आशाताईला विचारा. म्हणून शेक चालू असताना डॉक्टर हिमोग्लोबिनवर डोळा ठेवतात, लागलं तर रक्त चढवतात. जनुकांची यादी जे आत वाचते, त्यातलं थोडंसं साध्या रक्ततपासणीत बाहेरून दिसतं.

आणि दिवस. बाहेरचे शेक, मग आतले शेक, सगळं मिळून आठ आठवड्यांत संपलं पाहिजे. लांबलं तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. अकोल्या-अमरावतीकडची बाई नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात जाते, नाहीतर संध्याकाळची अमरावती एक्स्प्रेस धरून मुंबईला. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांसाठी उघडी असते. शेंडगावचा हा माणूस हयातभर झाडू घेऊन फिरला, आणि त्याच्या मुलखातल्या बायका आता मुंबईत त्याच्या छपराखाली निजतात. तरी मधेच सोयाबीन काढायला येतं, कापूस वेचणीला येतो, आणि घरून फोन येतो.

अंगावरून पांढरं जातं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसतं, हे सांगायलाच जिने वर्ष घालवलं, तिच्या गाठीतल्या जनुकांचा आवाज उशिरा ऐकून फार हाती लागत नाही. त्याआधीचं काम धाराशिवमध्ये झालं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 30 ते 59 वर्षांच्या सुमारे 1,31,000 बायका एका अभ्यासात होत्या. त्याचे निष्कर्ष 2009 साली आले. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली होती, त्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न देऊ केलेल्या गटाच्या मानाने जवळपास निम्मे झाले.

जिच्यापर्यंत अशी तपासणी पोचली नाही, तिच्या पिशवीत रिपोर्टांसोबत एक पाकीट असतं. त्यात नखाएवढा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला. ई6, ई7, गुदमरलेल्या पेशींची जनुकं, सगळ्यांच्या नकला त्यात अर्ध्यामुर्ध्या टिकून असतात. ती तो ठोकळा रुग्णालयाच्या खिडकीवर देते आणि विचारते, “किती दिवस रहा लागते जी?”