बाबा, आज पेपरात काय आहे?

घरात कुणी आजारी पडले की आपण औषधाची सोय बघतो, डब्याची बघतो, रजेची बघतो. पण आजारी माणसाचा दिवस कसा जातो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मी बी.कॉम. झालेला, कारकुनी करणारा माणूस. हिशेब हीच माझी रोजीरोटी, तरी हा हिशेब मलाही चुकला. तो कसा चुकला आणि कसा दुरुस्त झाला, हे आपल्या बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे.

माझे वडील जुने गिरणी कामगार. वय ७८. मागच्या पावसाळ्यात पहाटे मोरीकडे जाताना पडले. अर्धांगवायूने डावा हात, डावा पाय गेला. पहिले दहा दिवस जिवाची लढाई होती. मग डॉक्टरांनी त्यांना पुनर्वसन विभागात हलवले आणि सांगितले, "सहा-सात आठवडे इथे काढावे लागतील."

व्यायाम दिवसाला दीड तास. जेवण, आंघोळ, औषधे मिळून तीन तास. झोप आठ तास. उरले साडेअकरा तास. ते बाबांनी छताकडे बघत काढायचे!

मी काय केले? मोबाईलवर जुने मराठी सिनेमे लावून दिले आणि शेजारी स्टुलावर बसून स्वतःच्या मोबाईलमध्ये डोके घातले. बाबा पाच मिनिटांत भिंतीकडे तोंड करत. वॉर्डातले कर्मचारी कामाला चांगले, पण बोलणे असे, "आजोबा, शहाण्या बाळासारखं खा बरं!" जन्मभर पाळ्या केलेल्या माणसाला हे कसे सोसावे? एका रात्री ते म्हणाले, "मला घरी ने. इथं मी नुसता ओंडका होऊन पडलोय." जेवण कमी झाले होते, झोप उडाली होती. मी डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, अर्धांगवायूनंतर साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य येते. तो आजाराचाच भाग आहे, त्यावर उपचार आहेत, लपवू नका.

खरी वाट दाखवली ती व्यायाम घेणाऱ्या ताईंनी. त्यांनी विचारले, "बाबा आजारपणाआधी दिवसभर काय करायचे?"

मी म्हणालो, "पेपर वाचायचे. रात्रशाळेत सातवीपर्यंत शिकलेत. सकाळी वाचनालयात बसून, ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे."

"मग इथं पेपर देता का?"

"देतो, पण लगेच टाकून देतात. म्हणतात, अर्थच लागत नाही."

ताईंनी बाबांपुढे पेपर धरला. बाबा प्रत्येक ओळ मधूनच वाचू लागले. तेव्हा ताईंनी समजावले, "यांची नजर शाबूत आहे. पण मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कधी कधी डाव्या बाजूचं भानच राहत नाही." मग मला उमगले की बाबा ताटातली डावीकडची भाजी तशीच का ठेवत होते. मला वाटत होते, नावडते म्हणून!

उपाय साधा होता. ताईंनी लाल स्केचपेनने प्रत्येक रकान्याच्या डाव्या कडेला जाड रेघ मारली. बाबांनी आधी लाल रेघ शोधायची, तिच्यावर बोट ठेवायचे, मग ओळ वाचायची. मला सांगितले, "तुम्ही डाव्या बाजूला बसा, गप्पा तिकडूनच मारा. नर्सला बोलवायची घंटी मात्र उजव्या हाताशीच असू द्या."

डावीकडच्या खाटेवर एक तरुण होता. बांधकामावर परांचीवरून पडून पाठीला मार बसलेला. शाळा चौथीतच सुटलेली. लाल रेघ बघून त्याला गंमत वाटली. तो म्हणाला, "बाबा, आज पेपरात काय आहे?"

बाबांनी मान डावीकडे वळवली आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार ओळी. आठवड्याभरात अख्खी बातमी. मग समोरच्या खाटेवरचे काका ऐकू लागले. सकाळी नऊ वाजता वॉर्ड बाबांची वाट बघू लागला. माझ्या मोबाईलने जे झाले नाही, ते त्या पोराच्या एका प्रश्नाने झाले. बाबांना कुणीतरी रमवायला नको होते. आपला कुणाला तरी उपयोग आहे, एवढेच त्यांना हवे होते.

गाण्यांचेही तसेच. मी माझ्या पसंतीची लावत होतो. एकदा विचारले तेव्हा वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे ही नावे आली, आणि मग हळूच म्हणाले, "मोहम्मद रफी पण लाव." इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हते! फिनलंडमध्ये अर्धांगवायूच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जे रुग्ण स्वतः निवडलेले संगीत दोन महिने रोज ऐकत होते, त्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा जास्त सुधारली आणि मनही कमी खचले.

हातासाठी महागडे यंत्र, व्हिडिओ गेम घ्यावा का, असा प्रश्न नातेवाईक विचारत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार देशांतल्या १४१ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या व्यायामाखेरीज व्हिडिओ गेम दिले, काहींना पत्ते, चेंडू असे साधे खेळ. सुधारणा दोघांची सारखीच झाली! आम्ही टपरीवरून पत्त्यांचा कॅट आणला आणि दुपारी मेंढीकोट सुरू झाला. मात्र वीस मिनिटे झाली की डाव थांबवायचा. थकवा आला की चिडचिड होते.

एके दिवशी ताईंनी बाबांच्या डाव्या बोटांत सुताचा धागा दिला. बाबा तो बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "रिंग खात्यात तुटलेला धागा मी डोळे मिटून सांधायचो." मग सांगू लागले. माझ्या आजोबांच्या काळात आपल्या माणसांना साचे खात्यात घेत नसत. बॉबिन बदलताना धागा तोंडाने ओढून धोट्यातून काढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा विटाळ इतर विणकरांना चालत नसे. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलला होता. मी पुस्तकात वाचले होते. पण आपल्या आजोबांना त्या दारातून परत फिरवले होते, हे मला त्या खाटेशी बसून पहिल्यांदा कळले. मी मोबाईल काढला आणि बाबांचे बोलणे रेकॉर्ड करू लागलो. आता मोबाईल खरा कामाला आला.

सात आठवड्यांनी बाबा चार पायांची काठी घेऊन घरी आले. डावा हात अजून अर्धाच चालतो, खोटे कशाला सांगू? पण लाल रेघेशिवाय पेपर वाचतात. दर रविवारी सकाळी त्या तरुणाचा गावाहून फोन येतो, "बाबा, आज पेपरात काय आहे?"

आपल्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर एवढे करा. माणूस आधी काय करत होता ते डॉक्टरांना, व्यायाम घेणाऱ्यांना सांगा. गाणे, खेळ, पुस्तक त्यालाच निवडू द्या. थोडा वेळ रमवा, मग विश्रांती द्या. भेटीला येणाऱ्यांना वेळ वाटून द्या, सगळे रविवारीच नकोत. नातवंडांना शाळेचा धडा घेऊन पाठवा, आजोबांना शिकवू द्या. त्यांच्याशी लहान मुलासारखे बोलू नका. आणि रोज त्यांना निदान एक तरी प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर खरोखर त्यांनाच माहीत आहे.