सैनिक धावले, नकाशा उजळला!

दोस्तांनो, नुसतं धावायला गेलं म्हणून कुणाचं गुपित फुटेल का? फुटलं की! आणि तेही चक्क सैनिकांचं!

त्याचं असं झालं. ‘स्ट्राव्हा’ नावाचं एक ॲप आहे. आपण कुठून कुठे धावलो, सायकल कुठे फिरवली, याची ते नोंद ठेवतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये या कंपनीने जगभरच्या अशा नोंदी एकत्र करून एक नकाशा प्रसिद्ध केला. जिथे लोक जास्त धावले, तिथे जास्त उजेड. नाव मात्र कुणाचंच नव्हतं.

जानेवारी २०१८ मध्ये नेथन रुसर या ऑस्ट्रेलियातल्या २० वर्षांच्या विद्यार्थ्याने तो नकाशा बारकाईने पाहिला. सीरिया, अफगाणिस्तानच्या काळोख्या भागात मध्येच चमकत्या रेघा? तिथे होते लष्करी तळ! सैनिकांच्या रोजच्या व्यायामाच्या वाटा नकाशावर उमटल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहिमेवरच्या सैनिकांना अशा सोयी वापरायला मनाई केली.

आता तुमचंच पाहा. सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, रात्री घर. आठवडाभराचे ठिपके जोडले, तर नाव न सांगताही तुमचं घर सापडेल, बरं का!

मग आज एवढं कराच. आई-बाबांना शेजारी बसवून मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ उघडा. कोणत्या ॲपला परवानगी आहे, ते मोजा. रस्ता शोधायला, रिक्षा बोलवायला ती लागतेच. पण खेळाला कशाला? करा बंद! आणि सहलीचे फोटो? ते घरी परतल्यावर टाका!