पाहुणा कोणत्या वाटेनं आला?

कवितेचं पुस्तक छापून झालं की कवीच्या मनात एक प्रश्न घर करून बसतो. हे पुस्तक वाचतं कोण? आणि ज्यानं ते हातात घेतलं, त्यानं ते का घेतलं? गावच्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावरचे शिक्के मोजले की पुस्तक किती वेळा कुणाच्या घरी गेलं ते कळतं. पण ते कवितेच्या ओढीनं नेलं, की लेकीला गॅदरिंगमध्ये म्हणायला चार ओळी हव्या होत्या म्हणून नेलं, ते काही ती चिठ्ठी सांगत नाही.

पुढं संगणक आला, महाजाल आलं, आणि आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनी आपापली संकेतस्थळं थाटली. माझंही एक छोटंसं आहे. काही कविता, थोडे लेख, एक फोटो, एवढाच पसारा. तिथं हा जुना प्रश्न पुन्हा समोर आला. या वेळी मात्र उत्तराची आशा होती, कारण संगणक म्हणे सगळ्याची नोंद ठेवतो. ही नोंद नेमकी कसली असते, तिच्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, ते आज आपण पाहू या.

आपण एखाद्या दुव्यावर टिचकी मारतो, तेव्हा आपला मोबाईल किंवा संगणक दूरच्या एका संगणकाकडे मागणी पाठवतो. या दूरच्या संगणकाला म्हणतात सर्व्हर. सर्व्हर मागितलेलं पान देतो आणि स्वतःच्या वहीत एक ओळ लिहून ठेवतो. या वहीचं नाव लॉग. मागणी कोणत्या आयपी पत्त्यावरून आली, कधी आली, कोणतं पान मागितलं, ते देता आलं की नाही, आणि मागणारा कोणता ब्राउझर वापरतो, एवढं त्या ओळीत सहसा असतं. शिवाय पुष्कळदा आणखी एक गोष्ट असते. हा पाहुणा आधी कोणत्या पानावर होता आणि तिथल्या कोणत्या दुव्यावरून इकडे आला, हीही नोंद असते.

लॉजवर उतरताना आपण जे रजिस्टर भरतो, ते आठवा. ‘कोठून आलात’, ‘कोठे जाणार’, ‘येण्याचे कारण’ असे रकाने त्यात असतात. सर्व्हरच्या वहीत ‘कोठून आलात’ हा रकाना आहे. ‘येण्याचे कारण’ हा रकाना नाही. सगळी गंमत आणि सगळी अडचण इथंच आहे.

या ‘कोठून’च्या रकान्याला इंग्रजीत ‘रेफरर’ म्हणतात. त्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ‘आर’ हे अक्षर चार वेळा यायला हवं. पण मे १९९६ मध्ये महाजालाच्या देवाणघेवाणीची, म्हणजे एचटीटीपीची, जी नियमावली प्रसिद्ध झाली, तिच्यात ते तीनदाच पडलं. तोवर जगभरच्या संगणकांनी ते स्पेलिंग तसंच उचललं होतं. मग कोण सुधारणार? आज तीस वर्षं होत आली तरी महाजालावर तोच अशुद्ध शब्द रोज असंख्य वेळा इकडून तिकडे जातो. आमच्या मुद्रितशोधकांनी हे ऐकलं तर कपाळाला हात लावतील!

एक काळ असा होता की या रकान्यातून येण्याचं कारणही थोडंफार डोकावायचं. गुगलवर आपण जे शब्द शोधतो, ते त्या निकालाच्या पानाच्या पत्त्यातच असायचे. तो पत्ता रेफरर म्हणून पुढं यायचा, आणि त्याच्यासोबत ते शब्दही. नोव्हेंबर २००५ मध्ये गुगलनं ‘अॅनॅलिटिक्स’ ही सेवा सुरू केली. मग वहीच्या ओळी चाळायचीही गरज उरली नाही. कोणत्या शब्दांनी किती माणसं आणली, त्याचा तक्ता आपसूक समोर यायला लागला.

माझी ‘शीरखुर्मा’ नावाची एक कविता आहे. आईवरची. रमजान संपत आला की त्या पानावर गर्दी व्हायची. चांद्र वर्ष आपल्या कॅलेंडरपेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे ही गर्दीही दरवर्षी तेवढीच अलीकडे सरकायची. २००९ साली ती सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात झाली, तर २०११ साली ऑगस्टच्या अखेरीस. ज्याला चंद्रदर्शनाचं काहीही ठाऊक नाही, त्यालासुद्धा ईद कशी सरकते ते या तक्त्यावरून शिकता आलं असतं. आणि ही मंडळी कोणते शब्द शोधत आली होती? ‘शीरखुर्मा दूध किती’, ‘शिरखुर्मा शेवया प्रमाण’. कवितेत आईचे हात होते, वेलदोड्याचा वास होता, पहाटेची गडबड होती. दुधाचं माप मात्र नव्हतं.

आता कवीनं करायचं काय? रुसून बसायचं? मला वाटतं, दारात आलेला माणूस काय मागतोय ते एकदा कळलं, तर त्याला रिकाम्या हातानं पाठवू नये. मी कवितेच्या खाली आईचं प्रमाण लिहून ठेवलं. कवितेत एका शब्दाचाही बदल केला नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पाहुण्याला पाणी विचारावं, पण त्याच्या आवडीचा रंग देण्यासाठी घराच्या भिंती रोज रंगवू नयेत. लोक काय शोधतात ते बघून त्याच विषयावर लिहीत सुटलेली संकेतस्थळं आपण पाहतो. तिथं गर्दी असते, पण घरधनी मात्र हरवलेला असतो.

मराठीची एक वेगळी अडचणही सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात पुष्कळ मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकलेला असे. डोळ्यांना देवनागरी दिसायची, पण संगणकाच्या पोटात असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, तीही प्रत्येक फॉन्टची निराळी. शोधयंत्राला त्यातलं काय कळणार? युनिकोडचा वापर वाढला तेव्हा कुठं मराठी शब्द शोधून मराठी पानावर पोचता येऊ लागलं. म्हणजे पाहुणा आला नाही याचा अर्थ त्याला यायचंच नव्हतं, असा होत नाही. कदाचित त्याला वाटच नव्हती.

बरं, वहीतल्या सगळ्या ओळी माणसांच्या असतात का? तर नाही. एका पानावर दहा चित्रं असली, तर एकाच माणसाच्या एका भेटीत अकरा मागण्या नोंदल्या जातात. यांना ‘हिट्स’ म्हणतात. ‘माझ्या संकेतस्थळाला लाख हिट्स’ असं कुणी सांगितलं, तर लाख माणसं आली असं समजू नका. त्यातही कितीतरी मागण्या माणसांच्या नसतातच. शोधयंत्रांचे प्रोग्राम पानोपानी फिरून नोंदी करत असतात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी मजकूर गोळा करणारे प्रोग्रामही येतात. शिवाय मोबाईल कंपन्या एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटून वापरतात. तेव्हा वहीत मुंबई दिसली तरी वाचणारा एखाद्या लहानशा गावातल्या एसटी स्टँडवर बसलेला असू शकतो.

पुढं हे दारही हळूहळू मिटत गेलं. ऑक्टोबर २०११ पासून गुगलनं खातं उघडून शोधणाऱ्यांचे शब्द झाकायला सुरुवात केली, आणि २०१३ मध्ये जवळजवळ सगळ्यांचेच झाकले. ऑगस्ट २०२० पासून क्रोम ब्राउझर दुसऱ्या संकेतस्थळावर जाताना मागच्या संकेतस्थळाचं फक्त नाव सांगतो, पानाचा पूर्ण पत्ता सहसा सांगत नाही. व्हॉट्सअॅपवर कुणी दुवा पाठवला आणि आपण त्यावरून आलो, तर ‘कोठून’ हा रकाना बहुधा कोराच राहतो. म्हणजे आज कविता सगळ्यात जास्त ज्या वाटेनं फिरते, तीच वाट वहीत दिसत नाही. गुगल आजही संकेतस्थळाच्या मालकाला शोधशब्दांची एकत्रित यादी देतं, पण फार थोड्या लोकांनी वापरलेले शब्द त्यातून वगळतं.

लेखकाला याचं वाईट वाटावं का? उत्तर देण्याआधी एक घटना सांगतो. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीनं संशोधकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांनी शोधलेले शब्द खुले केले. तीन महिन्यांतले जवळपास दोन कोटी शोध. नावं काढून त्या जागी आकडे घातले होते. तरीही ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वार्ताहर नुसत्या शोधशब्दांवरून माग काढत एका वयस्क बाईंच्या घरापर्यंत पोचले. गावाचं नाव, आडनाव, दुखणीखुपणी, पाळलेलं कुत्रं, सगळं त्या शब्दांत होतं. कंपनीनं माफी मागितली, यादी मागं घेतली. पण तोवर ती जगभर पसरली होती.

शोधाच्या चौकोनात माणूस जे लिहितो, ते तो अनेकदा घरच्यांशीही बोलत नाही. रात्री दोन वाजता कुणी ‘आई गेल्यावर काय करावं’ असं लिहून माझ्या कवितेपर्यंत आला असेल, तर तो आला हे कळून मला समाधान वाटेल. पण तो कोण, कुठला, हे जाणून घेण्याचा मला काय अधिकार? त्यानं मला काही सांगितलेलं नाही. त्यानं अंधाराला विचारलं होतं, आणि मी फक्त वाटेत भेटलो. म्हणून पाहुण्यांच्या मागावर राहणारा कोड माझ्या पानांवर मी ठेवलेला नाही. कोणतं पान किती वेळा मागितलं गेलं, एवढं महिन्यातून एकदा पाहतो.

ऑगस्ट २०२४ पासून गुगल भारतातही काही प्रश्नांचं तयार उत्तर यंत्राकडून लिहून घेऊन सगळ्यात वर दाखवतं. दुधाचं माप हवं असणाऱ्याला आता बरेचदा कुणाच्याच दारापर्यंत यावं लागत नाही. काही पाहुणे त्यामुळे कमी होतील. पण त्या मापासाठी आलेल्या एका बाईंनी मला मागं ईमेल केला होता. शेवया शिजेपर्यंत वेळ होता म्हणून वरची कविता वाचली, मग सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या सासूबाईंची भेट कोणत्याही सर्व्हरच्या वहीत नाही. त्या बाईंनी कळवलं म्हणून ती मला कळली.

तेव्हा मंडळी, ‘येण्याचे कारण’ हा रकाना कोणतंही यंत्र भरू शकत नाही, तो पाहुण्यानंच भरायचा असतो. पूर्वी दिवाळी अंकातली कविता आवडली की लोक पंधरा पैशांचं कार्ड टाकायचे. आता तर तिकीटही लागत नाही. कुणाच्या संकेतस्थळावर गेलात, तिथलं काही मनाला भिडलं किंवा नुसतं उपयोगी पडलं, तर दोन ओळी लिहून कळवा. कसे आलात तेही सांगा. लिहिणारा त्याची वाट पाहत असतो.