मराठी म्हणजे २३५०, २३५२, २३६६...

वर्डमध्ये ‘मराठी’ एवढा एकच शब्द लिहा. ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन ‘रिच टेक्स्ट फॉरमॅट’ (आरटीएफ) निवडा आणि तयार झालेली फाइल वर्डऐवजी नोटपॅडने उघडा. समोर येईल ते पाहून वाटेल, फाइल बिघडली. महिरपी कंस, उलट्या तिरक्या रेघा, इंग्रजी अक्षरांचे तुकडे, फॉन्टांच्या याद्या. पण धीर धरून खाली उतरत जा. त्या गर्दीत कुठेतरी सापडेल: उलटी रेघ, यू, २३५०. मग २३५२, २३६६, २३३६, २३६८. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. आपला शब्द तिथे सुखरूप आहे!

आणखी नीट पाहिलंत तर प्रत्येक आकड्याला चिकटून प्रश्नचिन्हाचा सांकेतिक क्रमांक दिसेल. जुन्या एखाद्या प्रोग्रामात आरटीएफ फाइल उघडल्यावर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग पाहून आपण कपाळाला हात लावतो, तेव्हा अनेकदा घडलेलं असतं ते हे. आरटीएफमधली ती प्रश्नचिन्हं मजकुराचे अवशेष नसतात. फाइल लिहितानाच ती मुद्दाम घातलेली असतात: ‘तुला हे अक्षर कळत नसेल तर त्याऐवजी एवढं दाखव.’ खरं अक्षर शेजारीच बसलेलं असतं.

ही सोय समजायला १९८७ सालात जावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या वर्डवर काम करणाऱ्या रिचर्ड ब्रोडी, चार्ल्स सिमोनी आणि डेव्हिड ल्यूबर्ट यांनी आरटीएफ घडवला. एका यंत्रावरचा मजकूर ठळक-तिरप्या अक्षरांसकट दुसऱ्या जातीच्या यंत्रावर पोचावा, हा हेतू. त्यांनी साऱ्या सूचना साध्या इंग्रजी कळफलकावरच्या चिन्हांत लिहायच्या असं ठरवलं. उलटी रेघ आणि ‘बी’ आलं की ठळक सुरू, ‘बी’ पुढे शून्य आलं की बंद. कंस म्हणजे डब्यात डबा: आतल्या डब्यात जे ठरलं ते तो बंद होताच संपलं. आणि एक नियम असा, की वाचणाऱ्या प्रोग्रामला एखादी सूचना कळली नाही तर त्याने ती मुकाट्याने ओलांडून पुढे जावं.

या नियमाची गंमत दहा वर्षांनी दिसली. १९८७ साली युनिकोडचा पत्ता नव्हता. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची. वर्ड ९७च्या सुमारास आरटीएफमध्ये युनिकोडची सूचना आली, तेव्हा जुने प्रोग्राम कोलमडले नाहीत. अनोळखी सूचना त्यांनी ओलांडली आणि मागचं प्रश्नचिन्ह छापलं. देवनागरी डोळ्यांसमोर न ठेवता बांधलेल्या फॉरमॅटमधून देवनागरी आजही बिनबोभाट वाहते आहे. मला हे त्या तिघांच्या दूरदृष्टीपेक्षाही त्यांच्या नम्रतेचं फळ वाटतं. आपल्याला सगळं ठाऊक नाही, हे गृहीत धरूनच त्यांनी फॉरमॅट आखला.

वर्डचा जुना फॉरमॅट ‘डॉक’ मात्र घुम्या. तो नोटपॅडमध्ये उघडला तर खरोखरच काही कळत नाही, कारण एका फाइलच्या पोटात छोटी डिस्कच वसवलेली असते, आपल्या कप्प्यांसकट आणि कप्प्यांच्या नोंदवहीसकट. तिच्या पहिल्या चार बाइट मात्र पाहण्यासारख्या: डी-शून्य, सी-एफ, एक-एक, ई-शून्य. पहिल्या शून्याला ओ, पहिल्या एकाला आय आणि दुसऱ्याला एल समजून वाचा, शेवटचं शून्य सोडून द्या. ‘डॉकफाइल’ असं निघतं. अभियंत्यांनाही विनोद सुचतात म्हणायचे. या फॉरमॅटचा तपशील मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी खुला केला तो २००८ साली. तोवर इतरांनी तो बराचसा उकरून, अंदाज बांधत समजून घेतला होता.

आजचे फॉरमॅट, वर्डचा ‘डॉकएक्स’ आणि लिब्रेऑफिसचा ‘ओडीटी’, दोघेही उघडे. डॉकएक्सच्या प्रतीचं शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि उघडून बघा. आत फोल्डर, चित्रं आणि एक्सएमएलमध्ये लिहिलेला मजकूर. ओडीटीचंही तसंच. ओडीटी ज्या घराण्यातला, ते ओपन डॉक्युमेंट आयएसओ मानक झालं २००६ साली. डॉकएक्सचं घराणं २००८ साली. वेष्टण एक, भाषेची जात एक, मग एकातून दुसऱ्यात जाताना मांडणी का हलते?

कारण ‘पान म्हणजे काय’ याबद्दल दोघांचं मत निराळं आहे. वर्डच्या लेखी मजकूर विभागांत वाहतो, आणि पानाचा आकार, समास, वरची-खालची पट्टी ही माहिती त्या त्या विभागाच्या शेवटाशी नोंदलेली असते. ओपन डॉक्युमेंटमध्ये पानाला स्वतःची नाव असलेली शैली असते आणि ती मजकुरापासून वेगळी ठेवलेली असते. वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून पानांच्या शैलींची यादी पाहिलीत तर कधी कधी ‘कन्व्हर्टेड१’ असं नाव भेटतं. मूळ लेखकाने ते कधीच दिलेलं नसतं. रूपांतर करणाऱ्याला नव्या घरात बसण्यासाठी एक वस्तू निर्माण करावी लागली, तिची ती खूण.

मोजमापातही अशा खुणा राहतात. आरटीएफ आणि वर्ड पानाची रुंदी ‘ट्विप’मध्ये मोजतात: एका इंचाचे १४४० भाग, म्हणजे अपूर्णांकाची कटकट नको. ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद. त्याचे ट्विप होतात ११,९०५.५. अर्धा ट्विप चालत नाही, म्हणून ११,९०६. लिब्रेऑफिसचा लेखनाचा प्रोग्रामही आतून ट्विपच वापरतो, पण ओडीटीमध्ये सेंटीमीटर लिहितो. परत हिशोब करताना उत्तर येतं २१.००१. कितीतरी ओडीटी फाइलींत कागद शंभरांश मिलिमीटरने जाडावलेला आहे, आणि कुणाच्या प्रिंटरला त्याचं सोयरसुतक नाही.

टेबलं बिघडतात त्यालाही असंच कारण. आरटीएफमध्ये टेबल नावाची अखंड वस्तूच नाही. ओळ सुरू, इथे खण संपला, इथे ओळ संपली, अशा खुणा लावलेले परिच्छेद तेवढे असतात. त्यातून टेबल उभं करायचं काम वाचणाऱ्याचं.

आपल्या बाबतीत एक वेगळीच भर आहे. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो, म्हणून अक्षरांचा आकार दोनदा नोंदता येतो: एक रोमनसाठी, एक आपल्यासाठी. एखादा कन्व्हर्टर पहिलाच आकडा लिहून मोकळा झाला, की इंग्रजी मथळा मोठा आणि शेजारचं मराठी किरकोळ दिसतं.

आणि खरी परीक्षा जुन्या फॉन्टांची. पुण्याच्या सीडॅकचे फॉन्ट, मॉड्युलरची श्रीलिपी यांत टाइप केलेल्या कितीतरी फाइलींत मराठी अक्षरांचे युनिकोड क्रमांक नसतातच. साठवलेले असतात भलत्याच चिन्हांचे क्रमांक. फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. इथे रिच टेक्स्टचं मोल कळतं. फाइलमध्ये फॉन्टचं नाव टिकलेलं असतं, म्हणून कुठला मजकूर मराठी आणि कुठला खरा इंग्रजी हे रूपांतर करणाऱ्याला ओळखता येतं. तोच मजकूर साध्या टेक्स्टमध्ये नेला की नाव गळतं आणि उरतो नुसता कचरा.

नाव कळूनही काम संपत नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली. युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार उलट: दिसतो शेवटी, साठवायचा आधी. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत तर फरक कधी कधी शून्य रुंदीच्या एका अदृश्य जोडकाचा असतो. ‘नको ती चिन्हं साफ करा’ म्हणणाऱ्या प्रोग्रामने तो झाडून टाकला, तर सह्याद्रीच्या दऱ्यांत समुद्र शिरतो. शुद्धलेखन तपासणीही गप्प बसते, कारण दोन्ही शब्द बरोबरच.

तुमच्याकडे जुन्या फॉन्टांतली पुस्तकं, स्मरणिका, संस्थेची इतिवृत्तं असतील तर रूपांतर जरूर करा, पण प्रतीवर. मूळ फाइल पुसू नका. तिच्यासोबत फॉन्टची फाइल ठेवा आणि मांडणी दाखवणारी एक पीडीएफही काढून ठेवा. रूपांतर झालं की रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ असलेले शब्द शोधून डोळ्यांनी वाचा. एवढं काम अजून तरी माणसानेच केलेलं बरं.