जावाच्या खेड्यातील जमीन आणि वाटा

मॉरिशसमध्ये ऊस १६३९ साली डचांनी जावाहून आणला, हे आम्ही शाळेत मुलांना सांगतो. त्या जावाच्या खेड्यातील जमिनीची गोष्टही जाणून घेण्यासारखी आहे.

तेथे भातखाचराला ‘सावा’ म्हणतात आणि घरामागच्या नारळी-केळीच्या परसाला ‘पेकारांगान’. गावाच्या मुखियाला पगाराऐवजी ‘बेंगकोक’ जमीन मिळत असे. आमच्या पूर्वजांच्या मुलखातील पाटील-वतनच म्हणा! दुसऱ्याची शेती ‘मारो’ने, म्हणजे अर्धेलीने कसतात. १९६० च्या कायद्याने शेतकरी कुटुंबाला किमान २ हेक्टर शेती असावी असे ठरविले. पण जावात बहुतेकांपाशी अर्धा हेक्टरही नाही.

मग भूमिहीनांनी जगावे कसे? कापणीला गावच्या बाया ‘आनी-आनी’ ही चिमुकली सुरी बोटांत धरून एकेक लोंबी खुडीत आणि भाताचा ठरीव वाटा, ‘बावोन’, घरी नेत. १९७० नंतर बुटक्या जातींचे नवे भात आले, त्यासोबत विळा आला. व्यापारी उभे पीक विकत घेऊन आपलेच मजूर आणू लागले. पुष्कळ बायांचा वाटा बुडाला.

शेताची नोंद दप्तरात असते. बायांचा हक्क केवळ रूढीत होता. म्हणून तो गेला तेव्हा दाद मागायला त्यांच्या हाती कागद नव्हता.