पाकिटावरचे उष्मांक आणि आपला हिशेब

‘डॉक्टर, दिवसाला चौदाशे उष्मांकांच्या वर जात नाही, सगळे मोबाईलमध्ये लिहून ठेवतो, तरी वजन हलत नाही. असे का?’ हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर ऐकू येतो. विचारणारे खोटे बोलत नसतात. त्यांची वही प्रामाणिक असते, पण वहीत उतरलेले आकडे तितके पक्के नसतात. शेव, चिवडा, वेफर्स, बिस्किटे यांच्या पाकिटावर छापलेला उष्मांकांचा आकडा कुठून येतो, हे म्हणूनच आज पाहू.

उष्मांक म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचे माप, ज्याला आपण बोलताना कॅलरी म्हणतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांती एक सोपे कोष्टक बसवले. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून ४, एक ग्रॅम प्रथिनातून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ उष्मांक मिळतात, असे हे कोष्टक. पाकिटावरचा आकडा बहुधा याच गुणाकाराने काढलेला असतो. समजा, १०० ग्रॅम शेवेत ३६ ग्रॅम स्निग्ध, ४५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि १२ ग्रॅम प्रथिने आहेत. मग ३२४, १८० आणि ४८ मिळून ५५२ उष्मांक झाले. यातले निम्म्याहून अधिक एकट्या तेलाचे, हेही ध्यानात घ्यावे.

आता चूक कुठे शिरते? पहिली गोष्ट, हे आकडे सरासरीचे असतात. डाळीचे प्रत्येक पोते सारखे नसते आणि प्रत्येक घाण्याला पदार्थ सारखेच तेल पीत नाही. तेल पुरेसे तापलेले नसेल तर शेव अधिक तेलकट होते, हे आपल्या गृहिणींना वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट, कायदाही थोडी सूट देतो. अमेरिकेत प्रत्यक्ष उष्मांक छापील आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत जास्त निघाले तरी ते नियमात बसते. तिथेच २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चोवीस लोकप्रिय खाऊंची तपासणी झाली, तेव्हा उष्मांक छापील आकड्यापेक्षा साधारण ४ टक्क्यांनी जास्त आढळले. उपाहारगृहांतल्या पदार्थांबाबत २०१० सालच्या एका अभ्यासात ही तफावत सरासरी १८ टक्के निघाली.

कधी चूक उलट दिशेनेही असते. अख्खे बदाम आपण कितीही चावले तरी त्यातली काही चरबी पेशींच्या आवरणात अडकून न पचताच बाहेर पडते. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजले, तर सुमारे २८ ग्रॅम बदामांतून १७० च्या आसपास नव्हे, तर १२९ उष्मांकच शरीराला मिळतात असे दिसले.

मात्र वजन न उतरण्याचे खापर पाकिटावर फोडू नये. साधा हिशेब करा. ३० ग्रॅम शेवेच्या १६५ उष्मांकांत १० टक्के चूक धरली, तर फरक सोळा-सतरा उष्मांकांचा. पण ३० ग्रॅम म्हणून वाटीत ओतलेली शेव ५० ग्रॅम भरली, तर फरक ११० उष्मांकांचा! मोठी चूक आपल्या हातात होते. १९९२ साली अमेरिकेत, ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या लोकांचा आहार शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला. ते आपला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी आणि श्रम ५१ टक्के जास्त सांगत होते. हे कोणी मुद्दाम करत नाही. फोडणीचे तेल, चहातली साखर, नातवाच्या ताटातला उरलेला घास, शेजारच्या बारशाचा पेढा यांची नोंद वहीत होतच नाही. सुट्या फरसाणाला तर लेबलच नसते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. माझ्या एक मधुमेही रुग्ण, वय साठीच्या पुढे. दुपारी बिस्किटांचा पुडा संपवला आणि मोबाईलवरचा आकडा भरला म्हणून रात्रीचे जेवण टाळले, पण गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली. पहाटे घामाने भिजून त्या बरळू लागल्या. साखर ५० च्या खाली गेली होती. वेळेत आणले म्हणून निभावले. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी आकड्यासाठी जेवण कधीही टाळू नये. घाम, थरथर, भोवळ आल्यास, रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता तडक रुग्णालय गाठावे.

मग लेबल वाचूच नये का? जरूर वाचावे, पण वाण्याच्या बिलासारखे नव्हे, तर दोन वस्तूंची तुलना करण्यासाठी. काही गोष्टी पाळाव्यात.

आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हे आधी पाहावे. २०० ग्रॅमच्या पाकिटावर ५५२ लिहिले असेल तर सगळे पाकीट ११०० च्या घरात जाते. उष्मांकांबरोबर स्निग्ध पदार्थ, साखर आणि सोडियमही पाहावे. दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ, ही मर्यादा आहे. घरातली वाटी एकदा वजनकाट्यावर भरून पाहावी, अंदाज कायमचा सुधारतो. पाकिटातून थेट खाऊ नये, वाटीत काढून पाकीट बंद करावे.

आणि खरा हिशेब महिन्यावर ठेवावा. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन करावे आणि कंबरेचा घेर टेपने मोजावा. महिनाभरात दोन्ही हलले नाहीत, तर वही काहीही म्हणो, आहार गरजेइतका आहे असे समजावे आणि रोजच्या खाण्यातली एखादी तळलेली वस्तू कमी करावी. मधुमेह, रक्तदाब वा थायरॉइडची औषधे चालू असतील तर हा बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.