ताडोबाची सफर : आधी परवाना, मग प्रवास

गहू-हरभरा घरात आला, कापसाची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाट्या उपटून बांधावर पडल्या की आपल्याकडच्या कास्तकाराला वर्षातली पहिली उसंत मिळते. शाळेला सुट्ट्या लागलेल्या असतात. मग घरातली पोरे विषय काढतात, “बाबा, ताडोबा दाखवा ना.” वर्धा जिल्ह्यातून ताडोबा असा किती लांब? समुद्रपूर, हिंगणघाट भागातला माणूस गिरड-चिमूर मार्गे दोन-तीन तासांत कोलाऱ्याच्या गेटवर पोहोचतो. पुण्या-मुंबईची माणसे विमानाने नागपुरात उतरून वाघ पाहून जातात, आणि शेजारचे आपण मात्र “जाऊ कधीतरी” म्हणत राहतो. आणि जातो तेव्हा कसे जातो, तेही सांगितले पाहिजे. त्यात माझीच फजिती आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या शेतकरी गटातले तेरा जण आणि मी, असे चौदा जण निघालो. गटातल्या एकाच्या ओळखीचा एक प्रवासी गाड्यांचा धंदेवाला होता. त्याने आगाऊ पैसे घेतले, मुक्कामाची पावती दिली आणि “सफारी त्यातच आली, साहेब” असे तोंडी सांगितले. मीही विश्वास ठेवला. पहाटे पाचला गेटवर उभे राहिलो, तर खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, “परवाना क्रमांक?” तो आमच्याकडे नव्हता. रविवार होता, त्या फेरीच्या सगळ्या जिप्स्या भरलेल्या होत्या. धंदेवाल्याचा फोन बंद. बायका-पोरे रात्री दोनला उठून, डबे बांधून आलेली. सूर्य वर आला तसे आम्ही गेटच्या पाटीजवळ फोटो काढले आणि परत फिरलो. येताना गाडीत कोणी बोलत नव्हते. कृषी खात्याचा माणूस सोबत आहे म्हणून या लोकांनी पैसे काढले होते, याची मला जास्त लाज वाटली.

त्या दिवशी आमची चूक एकच झाली. मुक्काम, गाडी, जेवण सगळे ठरले होते, फक्त जंगलात शिरण्याचा परवाना तेवढा नव्हता. पेरणीला निघावे आणि बियाणेच घरी राहावे, तसला प्रकार.

तेव्हा क्रम नीट समजून घ्यावा. पूर्वी ताडोब्यात स्वतःची गाडी घेऊन जाता येई, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. आता तसे नाही. आत जायचे ते नोंदणी झालेल्या उघड्या जिप्सीतून, सोबत गाईड घेऊन. दिवसात दोन फेऱ्या असतात, एक पहाटेची, एक दुपारनंतरची. प्रत्येक गेटवर प्रत्येक फेरीला किती गाड्या सोडायच्या याचा आकडा ठरलेला आहे. तो भरला की भरला. मग तिथे ओळख, चिठ्ठी, कोणाचा फोन काही चालत नाही, आणि चालूही नये. परवाना ज्या गेटचा, त्याच गेटने प्रवेश. मोहर्लीचा परवाना घेऊन कोलाऱ्याला गेलात तर तो उपयोगाचा नाही. दर मंगळवारी जंगल पर्यटकांना बंद असते. आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर असे पावसाचे तीन महिने गाभा क्षेत्रातले पर्यटन बंद राहते.

गाभा आणि बफर हे दोन शब्द इथे कळले पाहिजेत. १९५५ साली ११६ चौरस किलोमीटरचे ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. राज्यातले ते सर्वांत जुने. १९८६ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य झाले आणि पुढे १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. हा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा भाग म्हणजे गाभा, ज्याला सगळे ‘कोअर’ म्हणतात. त्याच्या भोवती २०१० मध्ये अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास बफर जाहीर झाला, त्यात गावेही आहेत आणि शेतीही. कोअरची गेटे मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी. बफरची गेटे बरीच आहेत. चंद्रपूरकडून आगरझरी, देवाडा, जुनोना. चिमूरकडून अलिझंझा, मदनापूर, बेलारा अशी. नाव ‘कोअर’ म्हणून सगळे तिकडेच धावतात. पण वाघाला हद्दीची पाटी वाचता येत नाही. बफरमध्येही वाघ आहेत, शुल्क कमी आहे आणि परवाना मिळायला सोपा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने एक फेरी बफरची घ्यावी, असे माझे मत आहे. दोन फेऱ्यांचे पैसे असतील तर एक इकडची, एक तिकडची.

आता तारीख कशी धरावी? शहरातला माणूस शनिवार-रविवार पाहतो, कारण त्याला सुट्टी तेव्हाच असते. आपल्याला तशी अडचण नाही. शनिवार-रविवारी दर जास्त आणि गर्दी जास्त. तेव्हा सोमवार, बुधवार किंवा गुरुवार पकडावा. मंगळवार बंद हे पुन्हा सांगतो, कारण आमच्या गावातले एक कुटुंब मंगळवारी जाऊन परत आलेले आहे. वरची हद्द मात्र आपल्या पंचांगाने ठरवावी. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, नवतपा सुरू होतो, ७ जूनच्या आसपास मृग. रोहिणी लागल्यावर शेणखत पसरणे, वखराच्या पाळ्या, बियाण्याची उगवण तपासणे ही कामे आली. ती सोडून वाघ पाहायला जाऊ नये. तेव्हा एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते २० मे हा आपला काळ. त्यासाठी परवान्याची नोंदणी फेब्रुवारी-मार्चमध्येच करून टाकावी. हरभऱ्याची काढणी चालू असते, हे मला माहीत आहे. पण नोंदणीला अर्धा तास लागतो. आयत्या वेळी जायचे झाल्यास ‘तत्काळ’ नावाचा थोडा कोटा असतो. त्याच्या भरवशावर मात्र बायका-पोरांना घेऊन निघू नये.

नोंदणी ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच करावी. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रात बसून करून घ्यावी आणि पैसे भरल्याची पावती व परवाना दोन्ही छापून हातात घ्यावेत. तोंडी “झालं” यावर उठू नये. इंटरनेटवर ‘ताडोबा बुकिंग’ लिहिले की खासगी लोकांची पन्नास पाने उघडतात, दिसायला सरकारीच वाटतात. आपला दर लावून तेच परवाने देणारे त्यात आहेत आणि नुसते पैसे घेणारेही आहेत. फार लांब जायला नको. ताडोब्याची ऑनलाइन नोंदणी सांभाळणाऱ्या एका खासगी एजन्सीविरुद्ध २०२३ मध्ये १२ कोटींहून अधिक रकमेच्या फसवणुकीचा गुन्हा चंद्रपुरात नोंदला गेला होता. त्यानंतर नोंदणीची व्यवस्था बदलली. जिथे व्यवहार एवढा मोठा, तिथे आपण आपल्या कागदाची काळजी आपणच घ्यावी.

कागदावरून आठवले. नोंदणी करताना प्रत्येक माणसाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो, आणि गेटवर तेच ओळखपत्र दाखवावे लागते. आपल्याकडे गावात नाव एक, सातबाऱ्यावर दुसरे आणि आधारवर तिसरे असते. आमच्या गटातल्या तात्यांना सगळा तालुका ‘बापूराव’ म्हणतो; आधार कार्डावर नाव भलतेच निघाले. दुसऱ्या वर्षी नोंदणीला बसलो तेव्हा हे कळले म्हणून बरे. नाव आधारवर आहे तसेच अक्षर न् अक्षर भरावे. मूळ कार्ड सोबत ठेवावे, झेरॉक्सवर विसंबू नये. मुलांचेही आधार घ्यावे.

खर्चाचा हिशेब असा की तो माणशी नसतो, गाडीमागे असतो. प्रवेश शुल्क, जिप्सीचे भाडे आणि गाईडचे मानधन असे तीन भाग मिळून गाडीचा आकडा होतो, आणि तो काही हजारांत जातो. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. सहा बसले तर वाटणी परवडते, दोघेच गेलात तर सगळा भार दोघांवर. म्हणून सहाच्या पटीत माणसे जमवावीत. आम्ही पहिल्या वर्षी चौदा होतो, म्हणजे परवाना असता तरी दोन माणसांसाठी तिसरी गाडी करावी लागली असती. दर बदलत असतात, तेव्हा नोंदणीच्या दिवशीचा दर पाहून मगच माणशी वर्गणी ठरवावी. मोहर्लीला पर्यटन महामंडळाचे आणि वन विकास महामंडळाचे निवास आहे. गेटांच्या गावांमधून घरगुती मुक्कामाची सोयही होते. चंद्रपूरला लॉजवर राहिलात तर पहाटे मोहर्ली गाठायला तासभर धरून चालावे. आणि एक स्पष्ट सांगतो, या सहलीसाठी खरिपाच्या बियाण्या-खताचे पैसे मोडू नयेत. पीक कर्जाच्या रकमेतून तर मुळीच नाही. सहा घरांनी दिवाळीपासून महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकले तर मे महिन्यात कोणाला जड जात नाही. महिला बचत गटांना हे सांगायची गरज नाही, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगले जमते.

एवढ्या उन्हात कशाला जायचे, असे घरातली म्हातारी माणसे विचारतील. चंद्रपूरचा मे म्हणजे पारा ४५-४६ अंशांच्या वर, प्रश्न बरोबर आहे. पण जंगल पाहायचे ते याच दिवसांत. सागाची पाने झडलेली असतात, बांबू वाळलेला असतो, त्यामुळे आतले लांबपर्यंत दिसते. नाले आटतात, आणि सगळी जनावरे उरलेल्या पाण्यावर येतात. ताडोबा तलाव, तेलिया तलाव, पांढरपौनीचा पाणवठा. भर उन्हात वाघ पाण्यात बसून राहतो. काही पाणवठे सौरपंपावर भरले जातात. आमचे लोक वाघापेक्षा त्या पंपाकडेच जास्त वेळ पाहत होते, किती अश्वशक्तीचा, पाणी किती फुटांवर, असे गाईडलाच विचारत होते. पहाटेची फेरी साडेपाचच्या सुमारास सुटते, ती लहान मुले आणि वडीलधाऱ्यांसाठी बरी. दुपारच्या फेरीला डोक्याला ओला दुपट्टा, भरपूर पाणी आणि मीठ-साखरेचे पाणी हवेच. भडक कपडे, अत्तर नको. कोअरमध्ये मोबाईल नेण्यास २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा फोटोची आशा ठेवू नये.

दुसऱ्या वर्षी आम्ही बारा जण गेलो. दोन जिप्स्या, गुरुवार, परवाने हातात. आमच्या गाडीची गाईड मोहर्लीकडची एक मुलगी होती. गाभ्यातल्या गावांचे पुनर्वसन झाले तेव्हा जामणीची शेते होती तिथे आता गवताचे कुरण झाले आहे, ते तिने दाखवले. बांध कुठे होता हे आमच्या लोकांनी लगेच ओळखले. रानगवे दिसले, चितळांचे कळप दिसले, तलावाच्या काठी मगर दिसली. मग डुकरांचा कळप आडवा गेला, तेव्हा तात्या म्हणाले, “साहेब, हे पाह्याले पैसे भरले का आपण? आमच्या वावरात तर रोज फुकट येते.” गाडी हसली. पहाटेच्या फेरीत वाघ दिसला नाही. दुपारी बफरमध्ये नाल्याच्या वाळूत पंजे दिसले, ताजे, आणि पाच-सात मिनिटांनी बांबूच्या आडून वाघीण रस्ता ओलांडून गेली. दुसऱ्या गाडीतल्यांना तीही दिसली नाही. वाघाची हमी कोणीही देत नाही, आणि जो देतो त्याला पैसे देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट. पहाटे गेटकडे जाताना रस्त्याच्या कडेने बायका पायी जंगलाकडे चाललेल्या दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता. आपण ज्या वाघासाठी पैसे मोजून गाडीत बसतो, त्याच वाघाच्या रानात त्या पोटासाठी वाकून पाने तोडतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. बफरमधला रस्ता आपल्या गावच्या रस्त्यासारखाच दिसतो, म्हणून कोणी मोटारसायकलवर जाऊ नये, आणि चारचाकीतून लघवीला, फोटोला म्हणून कुठेही उतरू नये. दुपारची फेरी संपते तेव्हा अंधार पडत आलेला असतो. लांबचा प्रवास असेल तर त्या रात्री मुक्कामच करावा.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी गेलेच तर गेटच्या गावातल्या समितीशी अर्धा तास बोलून यावे. पर्यटनाच्या उत्पन्नातला वाटा बफरच्या गावांना मिळतो, आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून तिथे कामे झाली आहेत. आपल्या जंगलाला लागून असलेल्या गावांना त्यातले काय घेता येईल, ते तिथेच विचारलेले बरे.

आमच्या गटाची येत्या उन्हाळ्याची नावे जमली आहेत. अकरा झाली, बाराव्याची वाट आहे. तात्यांनी या वेळी आधार कार्डावरचे नाव दुरुस्त करून आणले आहे.